म्हाताऱ्यांची पहिली तपासणी: ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांना उत्तर

हैदराबादेतल्या नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा, काचीगुडा या पट्ट्यातल्या मराठी घरांतून मला अधूनमधून निरोप येतो: आईला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचे आहे, सोबत याल का? मुलाला रजा नसते, सून बंगळूरला असते आणि आजींना डॉक्टरांचे बोलणे नीट कळत नाही. मी जाते, दुभाष्याचे काम करते. तिथे माझे मागणे फार नसते. म्हाताऱ्या माणसाची पहिली तपासणी त्याच्या घरच्या भाषेत करा, घाई करू नका आणि थोडा वेळ तरी घरच्यांना बाहेर बसवा. यावर मिळणारी उत्तरे आता मला पाठ झाली आहेत. इथे सगळ्यांना हिंदी येते. तीस गुणांची चाचणी जगभर चालते. घरचे सांगतातच की सगळे. एवढा वेळ आणायचा कुठून? आणि या सगळ्यांच्या तळाशी असलेले, बहुधा न बोललेले उत्तर: वयाचेच आहे, निदान करून तरी काय होणार?

ही उत्तरे देणारी माणसे वाईट नाहीत. त्यांत दमलेले डॉक्टर आहेत, रांगा आवरणाऱ्या नर्स आहेत, आईसाठी अर्धा दिवस बिनपगारी रजा काढून आलेले मुलगे आहेत. पण उत्तरे चुकीची आहेत आणि त्या चुकीची किंमत जो भरतो त्याला तक्रार करायला तोंड उरत नाही. कारण त्याच्या कागदावर एव्हाना ‘स्मृतिभ्रंश’ असे लिहिलेले असते आणि त्या शब्दानंतर त्याचे म्हणणे कोणी मोजत नाही.

आधी एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शंकर मठाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एक मावशी. यजमान रेल्वेत होते, ते वारले. त्यानंतर वर्षभरात मावशी विसरू लागल्या. दूध उतू जायचे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या, रात्री उठून दाराची कडी तपासायच्या. मुलाने त्यांना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. डॉक्टर तरुण होते, आवाजात आदब होती. “अम्मा, आज तारीख क्या है?” मावशींनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “नै डॉक्टरसाब, इनको कुछ याद नै रैता.” मग शंभरातून सात वजा करा, मग पुन्हा सात. “मला नाही येत हो ते,” मावशी म्हणाल्या आणि हे वाक्य मी हिंदीत सांगेपर्यंत पुढचा प्रश्न आला होता. हा कोणता मजला? लिफ्टने वर आलेल्या मावशी म्हणाल्या, “दवाखाना.” मग एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला दिले. त्या पेन हातात धरून बसून राहिल्या. तीसपैकी अकरा गुण. एक गोळी लिहून दिली, तीन महिन्यांनी या असे सांगितले.

परतताना रिक्षात मावशी म्हणाल्या, “उद्या संकष्टी, चंद्रोदय किती वाजता ते बघायला हवं.” त्या दिवशी तृतीया होती, म्हणजे तिथी बरोबर होती. रिक्षावाल्याने भाडे सांगितल्यावर येताना किती दिले होते त्याची त्यांनी त्याला आठवण करून दिली. आणि त्याच प्रवासात त्यांनी मला दोनदा विचारले की गॅस बंद केला होता ना. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांचे काहीतरी बिघडले होते यात शंका नव्हती. पण जे बिघडले होते ते त्या अकरा गुणांत कुठेही दिसत नव्हते.

आता पहिल्या उत्तराकडे येऊ: इथे सगळ्यांना हिंदी येते. येते, खरेच येते. हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला भाजीवाल्याशी तेलुगूत, रिक्षावाल्याशी दक्खिनीत आणि देवाशी मराठीत बोलता येते. आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असलेल्यांचे शिक्षण तर आणखी गुंतागुंतीचे. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. निजामाच्या राज्यात शिकून पुढे जायचे तर उर्दूला पर्याय नव्हता. 1948 च्या पोलिस कारवाईनंतर ते सगळे बदलले. त्यामुळे या पिढीतल्या कित्येकांनी पहिली अक्षरे एका लिपीत गिरवली आणि पुढची दुसऱ्या लिपीत. मुलींपैकी पुष्कळजणी दोन-चार इयत्तांवर थांबल्या. अशा बाईला हिंदी ‘येते’ म्हणजे बाजार करण्यापुरती येते. ‘उदास वाटते का’ या प्रश्नाला उत्तर देण्यापुरती ती कधी लागलीच नव्हती.

या बाबतीत आपल्याच शहरातला एक अभ्यास माझ्या तोंडावर फेकला जातो, म्हणून त्याबद्दल नीट बोलले पाहिजे. निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले 391 दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर गाजला: एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मानाने या लोकांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली होती, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. हे ऐकवून मला सांगितले जाते, बघा, तुमच्या लोकांच्या तर भाषा हीच ताकद आहे, मग कोणत्याही भाषेत विचारले तर बिघडले कुठे?

हा अभ्यासाचा उलटा अर्थ आहे. भाषा मेंदूला बळ देत असतील तर तपासणाऱ्याने त्या सगळ्या भाषा विचारात घ्यायला हव्यात, त्यांतली आपल्या सोयीची एक उचलायची नाही. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगा, असा एक नेहमीचा प्रश्न असतो. नल्लकुंट्याच्या आजी सुरुवात करतात मांजर, कुत्रा, म्हैस अशी. मग बाजारातल्या ‘कोडी’ आणि ‘मेका’ येतात, म्हणजे कोंबडी आणि शेळी. मग लहानपणीच्या शाळेतला ‘शेर’ येतो. फक्त हिंदी नावे मोजणाऱ्याच्या कागदावर एकच प्राणी उरतो. आजींच्या डोक्यात अख्खा गोठा आणि वर जंगल आहे, पण कागदावर एक प्राणी.

दुसरे उत्तर, चाचणी जगभर चालते. ज्या चाचणीबद्दल हे बोलले जाते ती अमेरिकेत 1975 मध्ये मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तयार केली. झटपट चाळणी म्हणून ती उत्तम आहे आणि ती निदानाची जागा घेऊ शकत नाही हे खुद्द तिच्या कर्त्यांनीच सांगून ठेवले होते. ती जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही हेही नवे नाही. हरियाणातल्या बल्लभगडला ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांचा मोठा अभ्यास झाला तेव्हा संशोधकांना ती मुळातून बदलावी लागली. 1995 मध्ये तिची हिंदी आवृत्ती प्रसिद्ध झाली. शंभरातून सात वजा करण्याच्या जागी विसातून तीन आले. वाचण्या-लिहिण्याचे प्रश्न अशिक्षितालाही सोडवता येतील असे केले गेले. अल्लाडींच्या गटाने हैदराबादेत तेलुगूसाठी अशीच मेहनत घेतली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतीच्या चाचण्यांचा संच बनवला तो पहिल्यांदा पाच भाषांत: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. म्हणजे देशातल्या जाणत्या संशोधकांनी वर्षानुवर्षे खपून जे सिद्ध केले तेच मी ओपीडीच्या दारात मागते आहे आणि मला सांगितले जाते की बाई, तुम्ही फार किचकट बोलता.

आणि हिंदी आवृत्ती वापरली म्हणजे मराठी आजींचा प्रश्न सुटला असेही नाही. एक उदाहरण देते. तारखेऐवजी चांद्र महिना विचारणे ही वृद्धांच्या बाबतीत चांगली पद्धत आहे. पण आपले आणि तेलुगू लोकांचे महिने अमावास्येला संपतात, उत्तरेकडचे पौर्णिमेला. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला, उत्तरेत तीच तिथी भाद्रपदातली. वद्य पक्षात आजींनी ‘श्रावण’ म्हटले आणि तपासणाऱ्याच्या हातातला कागद उत्तरेचा असला, तर आजी महिना चुकल्या. शेजारची तेलुगू अम्माही चुकली. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल; पण तपासणाऱ्याने तसे विचारायला तर हवे.

भाषेचा मुद्दा गुणांपुरता असता तर मी इतकी भांडले नसते. खरा घोटाळा मनाच्या आजारात होतो. आपली म्हातारी माणसे ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाहीत. करमत नाही म्हणतात. जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडतो, डोके भणभणते, अन्नावर वासना नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. यातले ‘डोके’ आणि ‘पोट’ तेवढे हिंदीत नेले की आजी मेंदूच्या किंवा पोटाच्या डॉक्टरकडे जातात, आणि नवरा गेल्यापासून चालू असलेले औदासीन्य कागदाबाहेर राहते. म्हातारपणातले औदासीन्य विसराळूपणाचे सोंग घेऊन येते हे मानसोपचारातले जुने ज्ञान आहे. उदास माणूस प्रश्न ऐकताच ‘मला येत नाही’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पुष्कळदा चुकीचे उत्तर ठामपणे देतो, किंवा हसून विषय बदलतो. ही खूण दर वेळी बरोबर ठरत नाही, पण ती पाहायला समोरच्याचे बोलणे कळावे लागते. मावशींचे ते ‘मला नाही येत हो’ म्हणूनच महत्त्वाचे होते, आणि तेच कुठे नोंदले गेले नाही.

याहून गंभीर एक वाक्य आहे. “देवानं आता उचलावं.” आपल्या घरांत ते इतके सर्रास बोलले जाते की मुले ते ऐकतही नाहीत. बऱ्याच वेळा ती थकलेल्या माणसाची प्रार्थनाच असते. काही वेळा नसते. त्यातला फरक पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही: उचलावे असे वाटते, की आपणच काही करून घ्यावे असेही मनात येते? काय करावेसे वाटले? घरात तसले काही ठेवले आहे का? हे प्रश्न मुलाच्या तोंडून, तिसऱ्या भाषेतून, सुनेच्या देखत विचारता येत नाहीत. विचारले तरी खरे उत्तर येणार नाही.

इथेच तिसऱ्या उत्तराची गाठ पडते: घरचे सांगतातच. सांगतात, आणि त्यांचे ऐकलेच पाहिजे. स्मृतिभ्रंशात माणसाला स्वतःचे विसरणे पुष्कळदा जाणवत नाही. पैसे मोजता येतात का, गॅस बंद होतो का, नेहमीच्या रस्त्याने घरी येता येते का, हे घरचेच सांगू शकतात. पण घरचे त्यांना जो त्रास होतो तो सांगतात. रात्रीचा आरडाओरडा, अंथरुणातली लघवी, पाहुण्यांपुढचे बोलणे. आजींना जो त्रास होतो तो वेगळा असू शकतो. आजी सुनेवर चोरीचा आळ घेतात हे सून सांगेल. आजींचे पासबुक खरेच कोणीतरी नेले आहे, हे कोण सांगणार? फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा यावरून घरात काय चालले आहे, दुपारच्या जेवणाचे ताट कोण देते, कोण हात उगारते, हे ज्याच्या भीतीने बोलता येत नाही तोच दुभाषी म्हणून शेजारी बसला असेल तर तपासणी करूच नये. माझा आग्रह दोघांचे ऐका असा आहे, पण वेगवेगळे ऐका. आणि सुनेलाही एकटे भेटा. वर्षानुवर्षे रात्री जागणाऱ्या त्या बाईला कोणी कधी विचारले आहे का की तुझी झोप कशी आहे?

कायदा याबाबत गप्प नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचे कलम 4 सांगते की उपचाराबद्दल निर्णय घेण्याची माणसाची क्षमता ठरवताना त्याला माहिती सोप्या, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची आहे. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून तो निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही. ‘कोणी आपले माणूस सोबत असले की झाले’ असे या कायद्यात कुठेही नाही.

आता ते तळाशी दडलेले उत्तर: वयाचेच आहे. नल्लकुंट्यात राहून हे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. आपल्या मोहल्ल्याची ओळखच मुळी फीवर हॉस्पिटल. जुनी माणसे त्याला अजून कोरंटी दवाखाना म्हणतात. पाटीवर मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. तिथे तापाने फणफणलेला रुग्ण आला तर ‘ताप आहे’ असे लिहून कोणी घरी पाठवत नाही. मलेरिया की डेंग्यू, विषमज्वर की घटसर्प, हे शोधल्याशिवाय तिथले काम सुरूच होत नाही. विसरणे हेही तापासारखेच आहे. ते लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे.

ही समजूत नवी नाही. 1955 मध्ये मार्टिन रॉथ यांनी इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयातल्या वृद्धांचा अभ्यास करून दाखवले की सगळ्यांना सरसकट म्हातारचळ लागलेला नसतो. औदासीन्याचे रुग्ण वेगळे, शारीरिक आजारामुळे अचानक भ्रमात गेलेले वेगळे, मेंदू झिजत चाललेले वेगळे, आणि प्रत्येकाचे पुढे काय होते तेही वेगळे. यांतली अचानक झालेली भ्रमिष्टावस्था तर तातडीची बाब आहे. परवापर्यंत ठीक असलेले आजोबा काल संध्याकाळपासून बरळू लागले, कधी शुद्धीत कधी गुंगीत, तर तो स्मृतिभ्रंश समजून तीन महिन्यांनी बोलावणे म्हणजे हलगर्जीपणा आहे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम उतरणे, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, नव्याने सुरू केलेली गोळी, यांतले काहीही असू शकते. पहिला प्रश्न म्हणून ‘कधीपासून?’ हाच हवा. दिवस, आठवडे की वर्षे, या एका उत्तरावर पुढची वाट ठरते.

आकडेही ‘वयाचेच आहे’ म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध आहेत. देशभरातल्या वृद्धांच्या लासी-डॅड या अभ्यासाने 2023 मध्ये जाहीर केलेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के आहे; म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. संख्या प्रचंड आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की साठीपुढच्या शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिकांना तो नाही. मग तो वयाचा नियम कसा?

आणि निदान करून काय होणार या प्रश्नाला मावशींचेच उत्तर आहे. त्यांना नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, कोणी दिलेल्या, कुठून आणलेल्या, सगळ्या. मावशींची कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. खाजेवरची एक जुनी गोळी, मेडिकलवाल्याने कधीतरी दिलेली आणि नंतर कोणी बंद न केलेली. लघवी सारखी लागते म्हणून दुसरी. झोपेची तिसरी. या तिन्ही गोळ्या म्हातारपणी स्मरणशक्तीवर धुके आणतात आणि एकत्र असल्या तर फारच. रक्तात बी-12 जीवनसत्त्वही कमी निघाले. डाव्या कानात मळ घट्ट बसला होता. गोळ्या हळूहळू कमी केल्या, झोपेची तर फारच सावकाश, कारण ती एकदम तोडता येत नाही. यजमानांबद्दल मावशी त्या डॉक्टरांशी पुष्कळ बोलल्या. मी मराठीतून सांगत होते आणि डॉक्टर थांबत होते. काही महिन्यांनी रात्रीची कडी तपासणे थांबले, दूध उतू जाणेही बरेच कमी झाले. विसरणे पूर्ण गेले नाही. कदाचित खाली स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेलही. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे ठरवले. पण ‘अकरा’ हा आकडा मावशींचा नव्हता. तो त्या गोळ्यांचा, त्या मळाचा, त्या भाषेचा आणि त्या दुःखाचा मिळून झाला होता.

शिक्का बसल्यानंतर घरात जे सुरू होते त्याबद्दल रुग्णालयात कोणी बोलत नाही. गॅसला हात लावू नको. एटीएम कार्ड इकडे दे. देवळात एकटी जाऊ नको. एकेक काम हातातून जाते, आणि वापर थांबला की जे शिल्लक होते तेही जाते. ज्याला खरेच आजार आहे त्याच्याही बाबतीत हे जपून करायचे असते. ज्याला नाही त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये म्हटले की स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 45 टक्के रुग्णांमागे टाळता किंवा पुढे ढकलता येण्याजोगी कारणे आहेत. त्या चौदा कारणांत कमी ऐकू येणे, दिसणे अधू होणे, औदासीन्य आणि एकटेपण आहे. चष्मा आणि कानाचे यंत्र न लावता म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेणे यापेक्षा अडाणीपणा कोणता?

राहिले वेळेचे उत्तर. हे मात्र खरे उत्तर आहे आणि मी त्याला हलके लेखत नाही. भारतात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. 2019 मधला अंदाज 0.75 इतका आहे. एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात बाहेरची गर्दी पाहिली की आत बसलेल्या डॉक्टरांविषयी वाईट बोलवत नाही. (हे रुग्णालय 1953 मध्ये जालन्याहून हैदराबादेत आले. म्हणजे एके काळी त्याच्या अंगणातच मराठी बोलली जात होती.) पण वेळ नाही म्हणून चुकीचे काम लवकर उरकणे हा वेळेचा हिशोब नव्हे. मावशींची पहिली भेट वाया गेली, दुसरीला आणखी तासभर लागला. तो तास पहिल्यांदाच दिला असता तर?

शिवाय तो सगळा तास डॉक्टरांचाच लागतो असे नाही. गोळ्यांची यादी नर्स करू शकते. घरातली रोजची कामे काय जमतात, काय जमत नाहीत, हे समाजसेविका बाहेर बाकावर बसून विचारू शकते. कान-डोळे आणि हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-12, मूत्रपिंड, सोडियम यांच्या तपासण्या पहिल्या भेटीआधीच करून घेता येतात. एका भेटीत उरकायलाच हवे असेही नाही. थकलेल्या आजींना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले तर त्या वेगळ्याच असतात. इंग्लंडमध्ये टॉम अरी यांनी 1969 पासून गुडमेज रुग्णालयात वृद्धांची मानसोपचार सेवा उभी केली तेव्हा नव्या रुग्णाला आधी त्याच्या घरी जाऊन पाहण्याचा पायंडा पाडला. इथे ते सगळ्यांसाठी जमणार नाही हे मान्य. पण एखाद्या तरी घरी जाऊन पाहा. नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांत भिंतीवर कालनिर्णय लटकत असते. ते या महिन्यावर आहे की मागच्या, दुधाचा खाडा कुठपर्यंत लिहिला आहे, सिलिंडर लागल्याची तारीख घातली आहे का, अक्षर कुठल्या महिन्यापासून हलू लागले, हे सगळे तिथे आपल्या हातानेच आजींनी नोंदून ठेवलेले असते. असा पुरावा कोणत्याही चाचणीत मिळत नाही, आणि तो वाचायला दोन मिनिटे पुरतात. ज्यांना घरी जाणे शक्य नाही त्यांनी मुलाला त्या पानांचे फोटो आणायला सांगावे.

मला असेही ऐकवले जाते की मराठीचा हट्ट धरलात तर उद्या कन्नड, मारवाडी, बंगाली सगळे येतील. येऊ द्यावे. नल्लकुंट्यात राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो हक्क आहे, आणि हैदराबादेत मिळणार नाही अशी यांतली एकही भाषा नाही. दुभाषी शोधायला रुग्णालयाला फार लांब जावे लागत नाही. बहुधा त्याच इमारतीत कोणीतरी परिचारिका, कोणीतरी कारकून ती भाषा बोलत असतो. त्याला बोलावण्याची पद्धत तेवढी नाही.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. पहिले इथल्या मराठी मंडळांकडे, वाचनालयांकडे, विवेक वर्धिनीसारख्या जुन्या संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांकडे. गणेशोत्सवाला आणि कोजागरीला आपण स्वयंसेवकांची यादी करतो. तशीच रुग्णालयात सोबत जाणाऱ्यांची यादी करा आणि ती जवळच्या रुग्णालयांना नेऊन द्या. मात्र नातेवाईक नसलेली, गुपित राखणारी, जे ऐकले तेवढेच सांगणारी, आपल्या पदरचे न घालणारी माणसे निवडा. दुसरे मागणे तुमच्याकडे, जे उद्या आईला किंवा वडिलांना घेऊन जाणार आहात. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे पिशवीत भरून न्या. चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. विसरणे कधी सुरू झाले ते आदल्या रात्री शांतपणे आठवून लिहून काढा. डॉक्टर आईला विचारतील तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. ती थांबली तर थांबू द्या. थोडा वेळ बाहेर बसा आणि तसे स्वतःहून सुचवा. ती शाळेत किती शिकली, कोणत्या भाषेत शिकली, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे सुचत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीत बोलायचे आहे असे सांगा. वृद्धांसाठीची एल्डरलाइन 14567 वर आहे. आणि पहिल्याच भेटीत, घाईत, परक्या भाषेत कागदावर एखादे निदान लिहिले गेले, तर भांडू नका, पण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय आईच्या हातातून स्वयंपाकघर आणि पासबुक काढून घेऊ नका.